कानातली बुचं

फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. शनिवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला, सासरच्या गावी, जायचं म्हणून सुधाकर मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरायला गेले होते. फोन त्यांच्याच मोबाइलवरून, आवाज मात्र दुसऱ्याचा. "काकू, पेट्रोल पंपावरनं बोलतोय. काकांना चक्कर आल्यावानी झालंय. घरातलं कुणीतरी या की." मी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या, आणि रिक्षात बसल्यावर मला वाटत होतं की उन्हानं झालं असेल, लिंबू घ्यायला हवं होतं. पंपावर पोचले तर त्यांना दवाखान्यात हलवलेलं. दवाखान्यात पोचले तर... मला करण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. पंपावरच्या माणसांनी नंतर गाडी घरी आणून लावली. टाकी काठोकाठ भरलेली होती. कुठेही निघायचं तर आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायची, ही माझ्या नवऱ्याची सवय.

ते गेल्याला दीड महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगतो, सुधाकर फार अबोल होते. खरंच आहे ते. मैंदर्गीच्या शेतकरी घरातला हा मुलगा शिकून अक्कलकोटच्या एका कचेरीत कारकून झाला, लग्नानंतर सोलापुरात राहिला आणि निवृत्त होईपर्यंत रोज मोटरसायकलवरून गेला-आला. एवढ्या सगळ्यात जे काही बोलले असतील ते एका दुपारी सांगून संपेल. परवा त्यांच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ आले होते. चहा पिता पिता म्हणाले, सुधाकरला गाण्याबिण्याची आवड नसावी. मी सवयीनं म्हटलं, नव्हती. ते जिना उतरून गेले आणि मला माझाच राग आला. त्या उत्तरासाठी हे लिहायला बसले आहे.

त्यांच्या कानांपासून सुरुवात करते. वर्षानुवर्षं रोज अक्कलकोट गाठून त्यांच्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. घरी येऊन टेकले की मला म्हणायचे, कुकर बघ गं. कुकर लावलेलाच नसायचा. शेवटी मी ओढत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इंजिनाचं सोडा, हेल्मेटच्या आत जो वारा घोंघावतो तो कान खातो, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. तेव्हा कानात काहीतरी घालून गाडी चालवा. हे लगेच औषधाच्या दुकानातून पिवळ्या स्पंजची बुचं घेऊन आले. बोटांत वळायची, कानात सारायची, मग ती आत फुगायची. मला इतकं हसू आलं होतं की बास. दर रविवारी आम्ही मैंदर्गीला जायचो; त्या रविवारी मी मागे बसून पार वाटेतल्या वळसंगपर्यंत, मी शिकवायची त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची गाऱ्हाणी सांगत होते, पुढून साधा हुंकार नाही. खात्री करावी म्हणून मी त्यांच्या खांद्यापाशी तोंड नेऊन म्हटलं, "तुम्ही पक्के चिंगूस आहात." मान हललीसुद्धा नाही. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की गाडीवर हा माणूस ठार बहिरा. मग खुणा ठरल्या. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा.

बोलणं बंद झालं म्हणून मी चार दिवस धुमसले, आणि नंतर मला ते आवडायला लागलं. त्या रुंद पाठीमागे तोंडाला स्कार्फ बांधून मी वाटेल ते बोलायची. सासूबाईंबद्दल, नणंदेबद्दल, स्वयंपाकघरात जीव घुसमटतो त्याबद्दल. पोटातलं सगळं वाऱ्यावर सोडून द्यायचं आणि मैंदर्गीच्या दारात शहाण्या सुनेसारखं उतरायचं. सासूबाई ओट्यावरूनच कानडीत "ऊटा आयता?" म्हणून जेवलीस का ते विचारायच्या आणि मी मान डोलवायची.

आता माझ्या गळ्याचं सांगायला हवं. लग्नाआधी मी गाणं शिकत होते. फार मोठं काही नव्हे, पण शाळेत प्रार्थना मी सांगायची आणि हळदीकुंकवाला बायका मलाच पुढे बसवायच्या. मुक्ता, आमची मुलगी, दहावीत असताना माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र खरखरीत झाला. खालचे सूर कसेबसे लागायचे, वर गेलं की आवाज फाटायचा. पुढच्या हळदीकुंकवाला आग्रह झाला म्हणून गायला बसले, तर दुसऱ्याच ओळीला गळा अडकला, आणि कुणीतरी फार मायेनं म्हणालं, राहू दे गं. त्या मायेनं मी मेले. घरी येऊन पेटी कापडात बांधून माळ्यावर टाकली. यांनी ती चढवून दिली. एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा त्याचाही राग आला होता.

त्यानंतर मी गायले ती फक्त मोटरसायकलवर. कधी सुरू झालं ते आठवत नाही. एका रविवारी रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, आणि तोंडातून भूप रागातली एक जुनी ओळ आपोआप बाहेर आली. फाटली. पुन्हा म्हटली. पुढे बसलेल्याच्या कानात बुचं होती, रानात कुणी नव्हतं, लाजायचं कुणाला? मग दर रविवारी वळसंग मागे पडलं की माझं गाणं सुरू व्हायचं आणि गाव दिसायला लागलं की बंद. माझा तो फाटका आवाज मी दुसरीकडे कुठेही, अगदी न्हाणीघरातसुद्धा काढला नाही. तिथे भिंतीपलीकडे शेजारी असतात.

मधल्या काळात पिवळी बुचं जाऊन पारदर्शक रबरी आली. त्यांच्या मधोमध सुईएवढं भोक होतं. स्पंजामुळे एकदा मागच्या ट्रकचा हॉर्न कळला नाही म्हणून बदलली, असं हे म्हणाले. मी रंग बदललेला पाहिला, बाकी लक्ष दिलं नाही. हे ती रोज संध्याकाळी कोमट पाण्यात धुवायचे, आणि ओट्याजवळच्या खिडकीत माझ्या चहाच्या गाळणीशेजारी वाळत ठेवायचे. ती खिडकीही यांनीच मागाहून अचानक एक दिवस गवंडी आणून भिंतीत पाडून घेतली होती. एकदा वाहतूक पोलिसानं अडवलं. कानात काय घातलंय, गाणी ऐकता काय म्हणाला. यांनी शांतपणे बुचं काढून त्याच्या हातावर ठेवली. "गाणी न्हाईत साहेब. ह्यानं वारं तेवढं कमी होतंय. बाकी समदं ऐकू येतंय की. तुमची शिट्टी ऐकूनच थांबलो." पोलीस हसला, सोडून दिलं. मी मागे बसून मनात म्हटलं, दंड वाचवायला काय थाप मारली.

मुक्तानं नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला बाबांसाठी हेल्मेटमध्ये बसवायचे स्पीकर आणले. फोनवरची गाणी कानाशी वाजतात, रस्ता कसा सरला ते कळत नाही म्हणाली. यांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत तिच्या हातात दिली. "गाडीवर ऐकायला हाय की मला." आम्ही मायलेकी हसलो. इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस, इंजिनच ऐकत असणार.

सासूबाई गेल्या तरी रविवारचं मैंदर्गी चुकलं नाही. कधी ज्वारी आणायची, कधी शेंगाचटणी. शेंगाचटणीच्या गावात राहून चटणीसाठी एवढं लांब कोण जातं? थोरले दीर, अण्णा, यांच्या दारात आम्ही चहापुरते टेकायचो आणि परत फिरायचो. जाता-येता वळसंगच्या पुढे गाडीचा वेग निम्म्यावर यायचा. पेट्रोल वाचवतात म्हणून मी मागून यथेच्छ बोलून घ्यायची. बैलगाडी बरी, असंही म्हणायची.

गेल्या महिन्यात मुक्ता पुण्याहून पुन्हा आली. अण्णांचे गुडघे धरलेत, त्यांना बाबांच्या कार्याला येणं जमलं नव्हतं, म्हणून आपणच जाऊ म्हणाली. बसनं जायचं ठरत होतं, तेवढ्यात तिनं बाबांच्या गाडीची किल्ली काढली. गाडी तिला त्यांनीच शिकवलेली. हेल्मेट घातलं आणि किल्लीला लटकणाऱ्या छोट्या डबीतली बुचं काढून कानात बसवली. बुचांशिवाय हमरस्त्याला लागायचं नाही, हे बाबांनी बजावलेलं होतं. मी नेहमीच्या जागी मागे बसले. त्यांनी भरलेल्या पेट्रोलवर आम्ही निघालो.

ज्वारी काढून झाली होती, रानं उघडी पडली होती. वळसंग मागे पडलं. मी कसलाच विचार करत नव्हते, आणि तीच भूपातली ओळ तोंडातून बाहेर आली. फाटायची तिथेच फाटली. पुन्हा म्हणायला घेतली... तेवढ्यात गाडी हळू झाली. वाकून पाहिलं तर पुढे रस्ता रिकामा. हे हळू होणं माझ्या ओळखीचं होतं. मी मुक्ताच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारल्या. तिनं लिंबाखाली गाडी उभी केली.

"हळू का केलीस?"

"तू गात होतीस म्हणून. वेगात नीट ऐकू येत नव्हतं."

"तुझ्या कानात बुचं आहेत ना?"

"आहेत म्हणूनच येतंय, आई. वारा थांबतो, माणसाचा आवाज येतो. बाबांनी तुला सांगितलं नाही कधी?"

सांगितलं होतं. माझ्यासमोर, भर रस्त्यात, पोलिसाला सांगितलं होतं.

मी तिथे लिंबाखाली दगडावर बसून रडले, आणि रडता रडता चिडले. लबाड माणूस. रबरी बुचं आल्यापासून सगळं ऐकत होता. सासूबाईंवर घेतलेलं तोंडसुख ऐकलं, बैलगाडी ऐकली. स्वयंपाकघर कोंदट आहे हे मी त्या पाठीमागे सोडून कुठेच बोलले नव्हते, तरी गवंडी आला होता. आणि गाणं... दर रविवारी, जाता-येता. मैंदर्गीला पोचल्यावर मी अण्णांना एवढंच विचारलं, हे चहापुरते इतक्या लांब का यायचे, कधी बोलले होते का? अण्णा गुडघा चोळत म्हणाले, "इचारलं हुतं की मी. म्हनला, अण्णा, रस्ता लई बरा वाटतोय."

परतताना मुक्ता म्हणाली, गा ना आई. मी तोंड उघडलं, स्कार्फ ओला झाला, सूर निघाला नाही. पुढे ऐकणारं कुणीतरी आहे हे आता मला माहीत झालं होतं. याच भीतीनं सुधाकर इतकी वर्षं गप्प राहिले. कळलं असतं तर मी त्याच दिवशी थांबले असते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला फार एकटं वाटतं हो. घरात आता मी कितीही मोठ्यानं गायले तरी चालेल, पण ऐकू येत नाही असं दाखवून ऐकत बसायला कुणी नाही.

मुक्ता पुण्याला गेली. गाडी खाली उभी आहे, टाकीत अजून बरंच पेट्रोल उरलंय. बुचं मी रोज संध्याकाळी धुते, घालत कुणी नाही तरी. गेल्या रविवारी मात्र ती स्वतःच्या कानात घातली, ओट्याशी उभी राहिले आणि हळूच भूप गुणगुणला. बुचं घातली की आपला आवाज आपल्याच डोक्यात घुमतो. मला तो भरलेला वाटला, ऑपरेशनच्या आधीसारखा. पण हा माझ्या आत वाजणारा आवाज. पुढे बसून त्यांनी जो ऐकला, तो कसा होता? एवढं एकच विचारायचं होतं, आणि सांगणारं माणूस गेलं. मग मी बुचं काढली, कोमट पाण्यात धुतली आणि खिडकीत गाळणीशेजारी ठेवली.