यमुताईंनी न बांधलेला बडग्या

नंदनवन मोहल्ल्यात आमच्या समोर राहणाऱ्या यमुताई राक्षस बांधतात. हसू नका, तोच त्यांचा धंदा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीचा पुतळा, निघते आणि तिच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्यातले बडगे, म्हणजे बांबूच्या कामट्यांचे आणि कागदाचे भलेमोठे पुतळे. वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा बडग्या करायचा, शहरभर मिरवायचा आणि शेवटी पेटवून द्यायचा. महागाई, डेंग्यू, पेपरफुटी, सगळे यमुताईंच्या अंगणात उभे राहून गेले. घरी पूर्वी हातमाग होता. तो बंद पडला आणि त्यांच्या हातात कामट्या आल्या.

बडग्या कुणाचाही असो, त्याला सुळे लावल्याशिवाय त्या सोडत नाहीत. "मी राक्षस बनवते गा," त्या गिऱ्हाइकाला सुनावतात, "माणूस जाळाचा असन तर दुसरीकडं जा."

गेल्या वर्षी त्यांच्याकडे शालिकराम आले. मोहल्ल्याचा बडग्या काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, आणि यमुताईंच्या भाचीचे, प्रणालीचे सासरे. या प्रणालीचं आधी सांगते. लग्नानंतर ती नवऱ्याला उलट बोलली, म्हणून सासरी ठरलं की पोरीला बाहेरची बाधा आहे. उलट बोलायला भूत लागतं का हो? पण त्यांचं ठरलं. भूत आगीला भितं म्हणे. मग साहिलने, तिच्या नवऱ्याने, पोळ्या उलटायचा सराटा गॅसवर लाल केला आणि तिच्या दंडाला लावला. एकदा नाही, भूत निघेपर्यंत. चांगला शिकलेला पोरगा, मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला. प्रणालीला आईबाप नाहीत, ती आत्याकडे पळून आली. आत्याने तिला सरळ पोलीस ठाण्यात नेलं. केस उभी राहिली.

आणि हे शालिकराम त्याच आत्याच्या अंगणात खुर्ची ओढून बसले. "यमुताई, यंदा 'आजची सून' बनवा. चश्मा, कापलेले केस, हातात कोर्टाचा कागद. खोट्या केसा करून राहिल्या पोरी."

चष्मा आणि कापलेले केस असलेली पोरगी आत दाराआड उभी होती.

"सुळे लावू?" यमुताईंनी विचारलं.

"सुळे कायले? चेहरा साधाच ठेवा. लोकाईले ओळखू आली पाहिजे."

मी तिथेच बसले होते. मला वाटलं, आता त्या कोयता फेकून मारतात. त्या नुसत्या उठल्या. "निघा गा भाऊ. पुन्हा माह्या अंगणात पाय ठेवू नका."

निर्लज्ज माणूस. सक्करदऱ्याच्या एका कारागिराकडून त्याने तो बडग्या करून घेतला आणि फोटो मोहल्लाभर फिरवला. प्रणालीने अन्न सोडलं. "आत्या, सारं नागपूर मले जळताना पाहीन. मी केस वापस घेते."

"वापस घेशीन तर तुले तिकडंच नेतीन वं. सराटा त्याच घरात हाये."

"नेऊ दे. नाई होत आता." मारबत झाली की वकिलाकडे जाऊन सही करायची, असं तिने सांगून टाकलं.

माझा संताप तेव्हाचा आहे आणि अजून उतरलेला नाही. आग राक्षसांसाठी असते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. होलिका जळाली. पूतना जळाली. मारबत म्हणजे पूतनाच, असं म्हणतात. पण आपण त्या मारबतीची आधी ओटी भरतो, लेकराबाळांसाठी तिला नवस बोलतो आणि मग तिलाच पेटवतो! राक्षस कोण, हे काडेपेटीवाला ठरवतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

मिरवणुकीला यमुताई प्रणालीला हाताला धरून घेऊन गेल्या. "घरात बसून जळू नको," एवढंच म्हणाल्या. मी सोबत होते. 'आजची सून' ट्रॅक्टरवर उभी होती, निळा कुर्ता, चष्मा, साधा सुंदर चेहरा. पुढे साहिल मित्रांबरोबर नाचत होता. वर माईक घेऊन शालिकराम. "खोट्या केसा करणारीले..." ते ओरडायचे आणि गर्दी गरजायची, "घेऊन जा गे मारबत!"

नागपूरकराची ही जन्माची खोड. पुढून कुणी काही ओरडलं की मागून ही आरोळी जाणारच. पुढचे शब्द ऐकतो कोण?

यमुताई ट्रॅक्टरजवळ गेल्या. बडगे बांधणारी बाई म्हणून पोरांनीच त्यांना हात देऊन वर घेतलं. त्यांनी माईक मागितला. एवढ्या लोकांसमोर शालिकरामांना नाही म्हणता आलं नाही.

"इडापिडा!"

"घेऊन जा गे मारबत!"

"खासी-खोकला!"

"घेऊन जा गे मारबत!"

"भूत म्हणून बायकोले डागणाऱ्या साहिलले! अन् त्याच्या बापाले, शालिकरामले!"

"घेऊन जा गे मारबत!"

अख्खा रस्ता ओरडला. मंडळाची पोरं ओरडली. आणि साहिल, दोन्ही हात वर करून नाचणारा साहिल, तोही बेंबीच्या देठापासून ओरडला. आपण काय बोललो ते त्याला मित्रांची तोंडं पाहून कळलं. तो तसाच हात वर करून उभा राहिला. कुणीतरी डीजे बंद केला. शालिकरामांनी माईक हिसकावला.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या बायकांमधून एकटा आवाज आला. "शालिकरामले घेऊन जा गे मारबत!"

ती तारा होती. शालिकरामांची बायको, प्रणालीची सासू. मोहल्ल्यात या बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, आणि ओरडता ओरडता तिने ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत वर ओढली. दंडावर डाग होते, जुने, पांढरे पडलेले. शालिकरामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

प्रणाली गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ताराने तिचा दंड धरला, मग चटक्यांची आठवण होऊन हात खाली मनगटाशी नेला.

"मलेही भूत लागलं होतं वं पोरी," ती म्हणाली. "मस्त होतं. यायनं काढून टाकलं. तू तुहं काढू देऊ नको."