म्हाळसाबाईचा अंगठा

बद्रीनाथ काळवणे सरांना शाळेतली पोरं पाठीमागं ‘कोण-म्हणतं-सर’ म्हणायची. नववी-दहावीच्या प्रकल्पात कुणी ‘असे म्हणतात की’ लिहिलं, की सरांची लाल पेन्सिल तिथं जाऊन बसलीच म्हणून समजा. कोण म्हणतं? नाव, गाव, वय, तारीख! पुस्तकातून घेतलं असेल तर पुस्तकाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि पान. कुणी ‘गाईडमधून घेतलं’ म्हणालं तर वही खिडकीतून थेट औरंगपुऱ्याच्या रस्त्यावर जायची. एकदा ती केळीच्या गाड्यावर पडली आणि गाडेवाला ती परत करायला आला, तर सरांनी त्यालाच बसवून अर्धा तास समजावलं की दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून देणं ही चोरी कशी असते. असला माणूस!

सर शाळेचे ग्रंथपाल, पण प्रकल्पांचं सगळं त्यांच्याच गळ्यात, आणि त्यांना ते हवंच होतं. पोरानं माहिती कुणाच्या तोंडून ऐकून आणली असेल तर त्यांची एक छापील चिठ्ठी असे. वर शाळेचं नाव आणि पेटता दिवा, खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय, आणि सही. सही येत नसेल तर अंगठा. ही अंगठ्याची टूम सरांची स्वतःची. वडील निजामाच्या काळात तहसिलीत नकलनवीस होते, त्यामुळं निशाणी नाही तो कागदच नाही, हे घरातूनच अंगात भिनलेलं. शहरातल्या पोरांना त्याची मजा वाटायची. खेड्यात अंगठ्याचा अर्थ काय होतो, हे मात्र एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यात कधी आलं नाही. पुढं जे झालं ते तिथूनच झालं.

दोन हजार एक साल. सखू गाढे दहावीत होती. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं खापरवाडी आहे, तिथली. बाप मल्हारी मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर, आई त्याच्याबरोबर. सखूला वाढवलं, शाळेत घातलं, वसतिगृहात आणून सोडलं ते आजीनं, म्हाळसाबाईनं. गावच्या मोठ्या विहिरीला लागून म्हाळसाबाईचं दीड एकर रान होतं. सखूचं शिक्षण, म्हातारीची भाकर, सगळं त्या रानावर.

सखूनं विषय घेतला, ‘आमच्या गावची विहीर’.

“कुणी खांदली?” सरांनी विचारलं.

“बागवानानं. त्यांचा पेरूचा मळा व्हता. आता गावातल्या मोठ्या बागायतदारांची, काकासाहेबांची हाय.”

“त्यांची कशी झाली?”

“इकत घेतली म्हणत्यात.”

“कोण म्हणतं?”

झालं. पोरगी शनिवारी गावी गेली आणि आजीपुढं वही उघडून बसली. म्हाळसाबाई पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसमध्ये, बारा वर्षांची होती. भारताच्या फौजा आल्या, गावातल्या मुसलमान घरांत घबराट झाली, आणि बागवानाचं अख्खं घर गाडीत बसून निघून गेलं, दसऱ्याच्या आधी. म्हाळसा मेंढरं घेऊन वाटेवर उभी होती. बागवानाच्या बायकोनं गाडीतून तिच्या ओंजळीत दोन पेरू टाकले. ते घर परत कधी आलं नाही.

पण एका पुराव्यावर भागवतील तर ते काळवणे सर कसले! रजा टाकून स्वतः कन्नडला गेले, कचेरीतून जुन्या विक्रीची नक्कल काढली. कागद उर्दूत. शहागंजातल्या एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेतला, आणि त्यांचंही नाव चिठ्ठीवर टिपलं. बागवानानं मळा आणि विहीर काकासाहेबांच्या वडिलांना विकल्याचा कागद होता. खाली बागवानाचा अंगठा. तारीख दिवाळीनंतरची.

म्हणजे घर दसऱ्याआधी गेलं आणि घरधन्याचा अंगठा दिवाळीनंतर उठला. तो कुणाचा होता, हे आता देवच जाणे. मौलवीसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “मास्टरसाब, इसको रहने देते तो अच्छा था.” सर हसले. एवढा सुंदर पुरावा हाती लागल्यावर ते कशाचे राहू देतात!

“सखू, तू स्वतः काहीच म्हणायचं नाही,” ते म्हणाले. “दोन्ही पुरावे शेजारी मांडायचे, खाली नावं द्यायची. वाचणाऱ्याला डोळे असतात.”

सखू पेनाचं टोपण चावत उभी राहिली. “सर, आजीचं नाव नाय टाकलं तर?”

“मग ते लिहायचंच नाही. बिननावाची माहिती म्हणजे गप्पा.”

पोरीनं पुढच्या शनिवारी चिठ्ठीवर आजीचा अंगठा आणला.

शाळेच्या प्रदर्शनात सखूचा निबंध सभागृहातल्या फळ्यावर लागला. शेजारी कचेरीतली नक्कल, चिठ्ठी, अंगठा, सगळं ठळक. परीक्षकांनी पहिला नंबर दिला. आणि खापरवाडीचा सांडू, एका पोराचा मामा, प्रदर्शन बघून दुपारच्या एसटीनं गावी गेला. त्याच्याबरोबर बातमी गेली. काय बातमी? सखूचा नंबर आला ही? छे! म्हाळसानं काकासाहेबांच्या विरोधात कागदावर अंगठा दिला, ही. अहो, खेड्यात माणूस अंगठा देतो तो तलाठ्यापुढं नाहीतर कोर्टात. शाळेच्या अभ्यासाला कोण अंगठा देतं?

गुरुवारी काकासाहेब स्वतः ग्रंथालयात आले. पांढरं धोतर, हातात काठी, बोलणं मधासारखं. घाटाचा रस्ता रुंद होणार होता आणि मळा पेट्रोल पंपासाठी जायचा होता. घेणारी पार्टी जुने कागद तपासत होती, हेही त्यांनी चहा पिता पिता सहज सांगून टाकलं. मग चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

“नाव, गाव, वय. काहीच सोडलं नाय तुमी, सर. माणसाला हुडकायला नको.”

सरांनी कप खाली ठेवला. “हा शाळेचा प्रकल्प आहे, काकासाहेब. कोर्टाचा कागद नाही.”

“मला कळतंय हो. मी काय आडाणी हाय का?” त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. “हा अंगठा तिचाच म्हणायचा?”

“तिचाच.”

“आसल्या चिठ्ठ्या सगळ्यांकडून घेता?”

“सगळ्यांकडून.”

“लई शिस्तीचं काम. कोरी हाय का एखादी? आमच्या गावच्या शाळेत बी दाखवीन म्हणतो.”

आणि सरांनी खण उघडून दोन कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या! नाही म्हणवलं नाही. आणि खरं सांगायचं तर, वीस वर्षांत त्यांच्या या पद्धतीचं कुणी कौतुक केलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. काकासाहेबांनी चिठ्ठ्या नीट घडी घालून खिशात ठेवल्या, आणि त्या खिशाकडं बघताना सरांना वाटलं, मागाव्या का परत? पण मागायच्या कशा? तोवर काठीचा आवाज जिना उतरून गेला.

शुक्रवारी सखू रडवेली होऊन आली. गावातून फोन आला होता. गिरणीवाला आजीचं दळण घेईना, शेजारणी तिला दारात उभं करीनात. “सर, तुमी जाऊन सांगा ना. तुमचं ऐकतील.”

“उद्या जातो,” सर म्हणाले. पण उद्या बक्षीस समारंभ होता आणि मार्गदर्शक म्हणून सरांचाही सत्कार होता. हार-शाल घेऊन ते घरी आले, शाल खुर्चीवर टाकली आणि बसून राहिले. आज जायला हवं होतं, आज जायला हवं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रविवारी ते कन्नडपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेले. खापरवाडीच्या पारावर चार माणसं बसली होती. म्हाळसाबाईचं घर विचारलं तर चौघांनीही दुसरीकडं बघितलं. शेवटी विहिरीचा अंदाज घेत सर चालत गेले.

म्हाळसाबाई दारातच बसली होती. त्यांना बघून तिचं तोंड उजळलं. “या सर, या! पोरीचा पयला नंबर आला म्हणं!”

“आला, मावशी. तुम्ही बऱ्या आहात ना? कुणी त्रास दिला का?”

“आधी गाव रुसलं व्हतं. पर काल तुमची माणसं यिऊन गेली, तवापासून कुणी काय बोलत नाय.”

“माझी माणसं?”

“व्हय की. दोघंजण, जीपमधी. तीच चिठ्ठी व्हती, वर दिव्याचं चित्र. म्हणले, पयला अंगठा फिका उठला, पोरीचं बक्षीस अडून ऱ्हायलंय. मंग दिला.”

सर उंबऱ्यावरच बसले. “चिठ्ठीवर दिला?”

“चिठ्ठीवर बी आन् तिच्याखालच्या मोठ्या कागदावर बी. लई झ्याक कागद व्हता. वर नोटंवानी नक्षी.”

स्टॅम्पपेपर. समोर तिच्या दीड एकरात दोन माणसं बांधाच्या कडेनं पांढरी फक्की टाकत चालली होती. म्हातारीनं तिकडं बघितलं आणि पदरानं डोळ्यांवर सावली धरली.

“त्येबी तुमच्यातलंच हायेत ना? सकाळपासून मोजत्यात.”

“मावशी, अहो, अंगठा देण्याआधी विचारायचं तरी! कुणी पाठवलं, कशासाठी...” सरांचा आवाज फुटला. राग कुणावर काढावा तेही त्यांना कळेना.

म्हाळसाबाई जरा दुखावली. “आसं कसं म्हणता? इचारलं की. पयलं त्येच इचारलं. काळवणे सरांनी पाठवलंय म्हणले. तुमचं नाव घेतल्यावर मी आनखी काय इचारू?”