पितळी टाकी आणि बाबांची तार

आमच्या नात्यात लग्न असो की बारावं, पंगत उठली आणि पानसुपारीचं तबक फिरलं की कुणीतरी ती गोष्ट काढतंच. कुवेतहून आणलेली काकांची टर्बोची गाडी आंबा घाटात बंद पडायला आली, आणि माझ्या बाबांनी इंजिनात पाणी घालून ती चालवून दाखवली. सांगणाऱ्याच्या तोंडावर कौतुक असतं, ऐकणारे माना डोलावतात, आणि मी तिथेच मांडीवरचं नातवंड थोपटत बसलेली असते. एवढी वर्षं मूग गिळून बसले. आता बस झालं. पाणी मी घातलं होतं. बाबांनी ते बंद केलं होतं. गाडीतल्या आम्हा चौघांपलीकडे हे कुणाला कळलं नाही.

बाबांचं गॅरेज रत्नागिरीत, साळवी स्टॉपच्या पुढे, कोल्हापूरच्या रस्त्याला. साखरप्याकडच्या आमच्या गावातून ते लॉरीवर क्लीनर म्हणून निघाले आणि स्वतःच्या हिमतीवर मिस्त्री झाले. मी त्यांची एकुलती एक मुलगी. पॉलिटेक्निकात मेकॅनिकलला बसले तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. डिप्लोमा हातात आल्यावर मी म्हटलं, मी गॅरेजात काम करणार. बाबा म्हणाले, "बाईमाणूस गाडीखाली दिसली तर गिऱ्हाईक फिरकेल का?" आणि मुंबईच्या एका स्थळाचं बोलणं सुरू केलं. मुलगा मिलमध्ये टाइमकीपर होता. त्याच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. मला फक्त विचारलं गेलं नव्हतं.

त्याच वर्षी थंडीत बाबांचे चुलतभाऊ कुवेतहून कायमचे परतले. मी त्यांना काका म्हणते, आणि ते बाबांना दादा. त्यांनी बोटीतून एक जपानी गाडी आणली होती, टर्बोची. तोवर रत्नागिरीत टर्बो हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे काका तो दर वाक्यात घालत. पण गाडी चढाला लागली की इंजिन वाजायचं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. काकांचं तोंड पडलं.

वाजण्याचं कारण अवघड नव्हतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते. परदेशातलं भारी पेट्रोल ते सोसतं, आपल्याकडे तेव्हा मिळणारं हलकं पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घण बसल्यासारखं होतं. असंच चालू राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक. बाबांनी टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. आवाज थांबला, पण गाडी अशी मेंगळट झाली की निवळीच्या घाटात वाळूच्या लॉऱ्या हॉर्न मारून तिच्या पुढे जाऊ लागल्या. काका म्हणाले, "दादा, माझ्या गाडीचा तू बैल केलास."

कॉलेजच्या पुस्तकात मी वाचलं होतं की जुन्या विमानांच्या इंजिनात यावर पाण्याचे तुषार सोडत. पाण्याची आत वाफ होते, तापलेली हवा थंडावते, पेट्रोल घाई करत नाही. काका आमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा मी हे सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"इंजिनात पाणी?" ते म्हणाले. "जन्मभर मी इंजिनातलं पाणी काढीत आलो गो."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात पेट्रोलात पाणी उतरायचं आणि आचके देणाऱ्या गाड्यांची गॅरेजपुढे रांग लागायची. बाबांची निम्मी हयात कार्ब्युरेटर उघडून तळाचं पाणी ओतण्यात गेली होती. हे मी तेव्हाही समजून घेत होते. पण काका हसले त्याचं काय करायचं?

"इंजान म्हंजे काय भाताचं आदण हाय?" ते म्हणाले आणि आईकडे बघून पोट धरून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, मला गाडी द्या, मी करून दाखवते. काका मुळात गाडीच्या वैतागाने कशालाही तयार होते. बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "ठीक. आंबा घाट न वाजता चढली तर उद्यापासून गॅरेजात ये. वाजली तर मुंबईच्या माणसांना होकार कळवतो." आईसमोर, काकांसमोर म्हणाले. मी हो म्हटलं.

मग कामाला लागले. घरी नवा गॅस आला होता आणि आईचा वातीचा नव्हे, पंपाचा पितळी स्टोव्ह माळ्यावर पडून होता. त्याची टाकी मुळातच दाब सोसायला केलेली. ती मागितली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "घासून घे हो, रॉकेलचा वास जायचा नाही." ती टाकी मी बॉनेटखाली कोपऱ्यात बसवली. टर्बोच्या पुढच्या नळीला एक छोटी तोटी काढून तिथला दाब टाकीत आणला, आणि टाकीतून दुसरी रबरी नळी टर्बोच्या अलीकडे, हवा आत घेणाऱ्या पाइपात सोडली. सपाटीला गाडी हळू चालली की दाब नाही, पाणी नाही. चढाला टर्बोने जोर धरला की तोच दाब टाकीतलं पाणी पुढे ढकलणार. जेवढा जोर तेवढं पाणी. ना मोटार, ना बटण. आजही मला त्या जोडणीचं कौतुक वाटतं, आणि ते मीच करायला हवं, कारण दुसऱ्या कुणी केलं नाही.

पाणी मात्र वाटेल ते चालणार नव्हतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात जांभ्याची माती. म्हणून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी वापरलं.

खरी डोकेफोड झाली ती पाणी उडवणाऱ्या टोकाची. आधी आंब्याच्या फवारणी पंपाचा नोझल लावला. त्याने एवढं पाणी सोडलं की निवळीच्या चढाला गाडी पडसं झाल्यासारखी शिंकायला लागली आणि जोरच गेला. मग स्टोव्हच्याच बर्नरचा बारीक भोकाचा निपल लावून बघितला. आता पाणी कमी पडत होतं, पाय दाबला की आवाज परत यायचा. तो निपल काढायचा, स्टोव्हच्या पिनेने किंचित कोरायचा, परत बसवायचा, परत निवळी चढायची. गाडी मीच चालवत होते. चढावरच्या हॉटेलच्या बाकावरचे लोक चहाचे ग्लास हातात धरून बघत. पाणी बेताचं झाल्यावर मागे घेतलेलं टायमिंग थोडं थोडं पुढे आणलं. एका सकाळी अख्खा निवळी घाट गाडी अशी चढली की मला टायरचा आवाज ऐकू येत होता. वर जाऊन मी गाडी थांबवली आणि एकटीच हसत बसले.

हे मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "निवळी म्हंजे आंबा नव्हे."

ठरलेल्या दिवशी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. काका चालवायला, बाबा त्यांच्या शेजारी, मी आणि आई मागे. मी टाकी काठोकाठ भरून घरात केस बांधायला गेले, तेवढ्यात बाबांनी शेवटची नजर टाकायची म्हणून बॉनेट उघडलं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक गाडी बाहेर पडताना ते तसं बघतच. मग चाकापुढे नारळ फुटला आणि आम्ही निघालो.

साखरपा मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि दुसऱ्याच वळणावर इंजिन वाजलं. निवळीला कधी वाजलं नव्हतं इतकं. टायमिंग पुढे घेतलेलं असल्यामुळे आवाज आणखी वाईट होता. काकांनी गाडी बाजूला घेतली.

"पाण्यानं इंजान घालवलंन माझं," ते म्हणाले. "दादा, तुझ्या पोरीनं घालवलंन."

बाबा मागे वळले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांगितलं होतं तुला."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

काका विडी पेटवून कठड्यावर जाऊन बसले. आई गाडीतच होती. मी बॉनेट उघडलं, बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. टाकीचं झाकण फिरवलं तर पाणी काठोकाठ, सकाळी भरलं होतं तसंच. थेंब गेला नव्हता. इंजिनाचं पाण्याने वाटोळं झालं म्हणे, आणि पाणी तर सगळं टाकीतच. मी नळीवरून हात फिरवत गेले. टाकीच्या मागे, पटकन दिसणार नाही अशा जागी, नळी दुमडून तिच्यावर तारेचे वेढे घातले होते. घट्ट, एकसारखे. आणि तारेचं शेवटचं टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. रत्नागिरीत तार अशी बांधणारा एकच माणूस होता. ते टोक आत वळवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, मी फ्रॉकात होते तेव्हा.

"ही तार कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी ते आत वळवलेलं टोक अंगठ्याने चाचपलं.

"पैज जिंकायची होती?"

"नाय गो," ते हळू म्हणाले. "सकाळी ती नळी बघितली नि हातच उठला. इंजिनात पाणी जाताना बघवेना मला."

मी विश्वास ठेवला का? अर्धा. हात उठला असेल, कबूल. पण मघाशी "सांगितलं होतं तुला" म्हणाले ते काही हाताने म्हटलं नव्हतं. मी पकड घेतली, वेढे सोडले, नळी सरळ केली आणि तार मुठीत धरून मागे जाऊन बसले. म्हटलं, आता ते स्वतःच सांगतील. एवढी संधी मी माझ्या बापाला दिली.

काका आले, गाडी सुरू केली, निघालो. चढ अंगावर आला, टर्बोने जोर धरला आणि इंजिन वाजलं नाही. पुढचं वळण, त्याच्या पुढचं वळण, नाही. काकांनी पाय आणखी दाबला. गाडी दरीच्या कडेने सुसाट वर चालली आणि काकांचा चेहरा आरशात लहान पोरासारखा खुलला. त्यांनी डावा हात बाबांच्या मांडीवर मारला.

"हात तो तुझाच, दादा. दोन मिनटात काढलंस बघ. पोरीच्यानं होणारी कामं काय ही?"

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्या मानेकडे बघत बसले. आता बोलतील, या वळणानंतर बोलतील, समोरची एस.टी. गेली की बोलतील. खोकले, पण बोलले नाहीत. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने माझ्या मुठीतली तार बघितली होती.

"काका, गाडी थांबवा," मी म्हटलं. माझा आवाज असा होता की त्यांनी थांबवली. सगळ्यात उभा चढ अजून पुढेच होता. मी उतरले, बॉनेट उघडलं, नळी दुमडली आणि तार परत होती तशी गुंडाळायला घेतली. टोक आत वळवलं.

काका धावत आले. "काय करतेस गो? आता चालली होती ना नीट?"

"सकाळी बाबांनी बांधली होती तशी बांधते," मी म्हटलं. "हात त्यांचाच ना? मग त्यांच्याच हाताने न्या वरपर्यंत. मी आणि आई एस.टी.ने येतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं, तारेकडे बघितलं, मग गाडीतून उतरणाऱ्या बाबांकडे. त्यांनाही ते आत वळवलेलं टोक ओळखू आलं असणार. तरी त्यांनी विचारलं, "दादा?"

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तार मी बांधली होती. पाण्याचं काम सगळं हिचं. माझा त्यात हात नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोड आता ती."

"तुम्ही सोडा," मी म्हटलं आणि पकड पुढे केली.

त्यांनी ती घेतली. वाकले. एकेक वेढा सोडवायला त्यांना वेळ लागत होता, आणि मला वाईट वाटलं, पण मी हात पुढे केला नाही. काका विडी न ओढता नुसती धरून उभे होते. आईसुद्धा खाली उतरून आली होती. तार मोकळी झाली तशी बाबा ती खिशात घालणार होते. मी मागून घेतली. मग म्हटलं, "आणि गॅरेजच्या किल्ल्या."

त्या त्यांच्या कमरेच्या करगोट्याला असत, शर्टाच्या आत. घाटात, रहदारीत, भावासमोर त्यांनी शर्ट वर केला आणि किल्ल्या सोडून माझ्या हातावर ठेवल्या. त्यांच्या अंगाच्या उबेने त्या गरम होत्या. मी मुलगा म्हणून जन्मले असते तर त्या मागाव्या लागल्या नसत्या, आणि नळीवर कुणी तारही बांधली नसती. हे मी त्यांना तिथेच बोलून दाखवलं.

"नसती बांधली," बाबा म्हणाले. आणि पुढची जागा मला सोडून आईबरोबर मागे जाऊन बसले.