मामा पिल्लू देत नाहीत

नवी मुंबईत एक वेळ लॉटरीत घर लागेल, तेही दोन्ही बाजूंनी वारा येणारं. पण आमच्या हिच्या मामांकडून लॅब्रेडॉरचं पिल्लू मिळणं माणसाच्या हातातली गोष्ट नाही. हा गृहस्थ जातिवंत कुत्री वाढवतो, त्यांच्या तीन पिढ्यांची दुखणीखुपणी तोंडपाठ सांगतो, आणि पिल्लू मागायला कुणी आलं की पोलिसांनी संशयिताकडे बघावं तसं त्याच्याकडे बघतो. मामा मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे. बंदरातली नोकरी संपल्यावर खारघरला टेकडीच्या बाजूला तळमजल्याचं घर घेऊन राहिले. मामी गेल्यापासून घरात ते आणि त्यांची कुत्री, एवढंच. सोफा कुत्र्यांचा, पाहुण्यांना प्लास्टिकची खुर्ची मिळते, तीही आपली आपण पुसून घ्यावी लागते.

फोनवर कुणी पहिल्याच वाक्यात "केवढ्याला देता?" असं विचारलं की मामा "संपली" म्हणून फोन ठेवतात. मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय म्हणणाऱ्याला "केक दे" असं सांगतात. यातूनही जो तगला, त्याच्या घराची पाहणी होते, आणि तो त्यातही पास झाला तर शेवटी अट: ठेवायला जमलं नाही तर कुत्रं परत माझ्याकडेच, दुसऱ्या कोनाला द्यायचं नाय. ही अट ते नुसती बोलून दाखवत नाहीत. ऐरोलीच्या एका कुटुंबानं परदेशी जाताना कुत्रा पनवेलकडच्या कुठल्याशा फार्महाऊसच्या राखणदाराला देऊन टाकला, तर मामा टॅक्सी करून तिथं गेले आणि त्याला मागच्या सीटवर घालून घरी घेऊन आले. स्वतः पुढे बसले, कारण त्याला पाय पसरायला जागा हवी होती.

माझ्या साहेबांना पिल्लू हवं होतं. "आपले मामाच आहेत, सर," असं मी मूर्खासारखा बोलून गेलो. साहेबांच्या बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाहणीसाठी शिरताच मामांनी चपला काढल्या, खिशातून मोजे काढून पायांत चढवले आणि हॉलच्या चकचकीत फरशीवर धावत जाऊन थेट टीव्हीपर्यंत घसरून दाखवलं. साहेबांच्या मिसेस हातात चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मी भिंत तरी धरली," मामा धापा टाकत म्हणाले, "पिल्लानं काय धरायचं? या फरशीवर त्याच्या खुब्यांची वाट लागंल." साहेबांनी गालिचे घालायचं कबूल केलं. मग पुढचा प्रश्न आला, दुपारी घरात कोण असतं? साहेब उत्साहानं म्हणाले, "कॅमेरा आहे ना मामा, मी ऑफिसातून सगळं बघू शकतो." मामांनी त्या कॅमेऱ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "हा त्याला मुतायला खाली नेल काय?" चहा-बिस्किटं संपवून त्यांनी नकार दिला. तेव्हापासून साहेब लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये डोकं घालतात.

पण हे परक्यांचं झालं. आमची लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि संध्याकाळी घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज उरला नाही, तेव्हा हिला पिल्लाची ओढ लागली. सख्खा मामा, भाचीनं मागायचं आणि मामानं द्यायचं, इतकी ही सरळ गोष्ट. लहानपणी हिनं बोट दाखवायचं आणि मामानं ते घेऊन द्यायचं, असंच चालत आलेलं. तर मामांनी काय करावं? ज्या घरात ते दर रविवारी मांडी ठोकून पापलेट खातात, त्या घराची त्यांनी जन्मात पहिल्यांदा आल्यासारखी पाहणी केली. बाल्कनीच्या गजांमधून मूठ घालून बघितली. फिनेलचा वास घेतला. मग म्हणाले, "जावाय, तुमी दोघं सकाळी आठला जाता, रात्री येता. दिवसभर पिल्लानं काय भिंतीशी बोलायचं? नाय जमायचं, बाय." ही रडली. मी ताडताड बोललो. मामांनी दोन्ही ऐकून घेत पानातलं सगळं संपवलं आणि वर सोलकढी मागितली.

हिची निवृत्ती जवळ आली तसे ते नरमले. त्यांच्या सगळ्यात लाडक्या ठमीला पिल्लं झाली की त्यातली एक मादी भाचीची, असा शब्द दिला. कागदोपत्री ठमीचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती कानसुद्धा हलवत नाही. हिनं वेताची टोपली धुऊन, त्यात जुनी मऊ साडी अंथरून तयार ठेवली. येता-जाता ती साडी नीट करायची.

ठमी दोन वर्षांची झाली. मेटिंगच्या आधी मामांनी तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढून घेतला, आणि त्यात दिसलं की डावा खुबा खोबणीत नीट बसत नाहीये. मी म्हणालो, "मामा, हरणासारखी धावते ती. एक्स-रे कोण बघायला येतंय?"

"आज धावते," मामा म्हणाले. "तिची पोरं पाच वर्सांनी लंगडतील. तुमच्या घरात लंगडलं तर मी तिथं जेवायला कुठल्या तोंडानं येऊ?"

आठवड्याभरात त्यांनी ठमीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. त्या घराण्यातली तीच शेवटची, तेव्हा तीन पिढ्या जपलेलं घराणं तिथंच संपलं. हिनं मामांशी बोलणं टाकलं आणि टोपलीत कांदे भरले. मला दोघांचाही राग आला होता, पण हिच्यासमोर तसं बोलायची सोय नव्हती.

मग एका रविवारी मामा न बोलावता आले, ठमीला घेऊन. पिल्लू मागायला येणारे त्यांच्यासमोर जसे खुर्चीच्या कडेला बसतात, तसे आमच्या सोफ्याच्या कडेला टेकले. ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "दुसरी आण की मग, चांगल्या खुब्यांची."

"सत्तरी उलटलेल्या मानसाला मी पिल्लू देत नाय, बाय," मामा म्हणाले. "मग मला तरी कसं देऊ?" थोडा वेळ ठमीच्या कानामागे खाजवत राहिले. "ही अजून दहा वर्सं जगंल. मी नाय तेवढा पुरायचा. माझ्यामागं तू ठेवशील काय हिला? आतापासून सवय लावू."

ही बाहेर आली. मामांच्या हातातून ठमीचा पट्टा घेतला आणि तिथंच जमिनीवर बसली.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं मामांच्या घरी जाऊन ठमीला फिरायला नेतो, आणि ही सवय लावणं म्हणजे निव्वळ छळ आहे. पट्टा ओढायचा नाही, सैलही सोडायचा नाही. पाणीपुरीच्या गाडीपाशी रेंगाळायचं नाही. मुख्य म्हणजे तिनं मागं वळून बघितलं तर थांबायचं नाही. आम्हाला वाटेला लावून मामा स्वतः कोपऱ्यावर उभ्या असलेल्या टेम्पोमागे जाऊन लपतात, तिला दिसू नये म्हणून. सत्तरी उलटलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून टेम्पोच्या चाकाआड वाकलेला. सोसायटीची पोरं हसतात, वॉचमन हसतो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि ठमी दर थोड्या अंतरावर थांबून त्या टेम्पोकडेच बघायची.

काल तिनं बघितलं नाही. हिच्या पायाशी पाय जुळवून, शेपूट हलवत, सरळ चालत राहिली. इतके दिवस ज्यासाठी मामांनी आमचा जीव खाल्ला ते एकदाचं जमलं होतं. मीच मागे वळून पाहिलं. मामा टेम्पोच्या आडून बाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि ते मला हातानं खुणावत होते, पुढं चला, पुढं चला.