वहिनींची प्रकृती

तिसरी घंटा ठरल्या मिनिटाला देणारं माणूस पनवेलात एकच होऊन गेलं, आणि ते म्हणजे आमच्या वहिनी. माझ्या संगीतकार मित्राची बायको. तो संगीत नाटकांना चाली द्यायचा, आणि दर हिवाळ्यातला आमचा नाट्यमहोत्सव त्याच्याच नावाने ओळखला जायचा. पण चालवायच्या वहिनी. "यांनी चाली दिल्या, खुर्च्या कोण देणार?" म्हणत पदर खोचायच्या. एकदा प्रमुख पाहुणे कळंबोलीच्या वाहतुकीत अडकले. वहिनींनी घंटा दिली, नांदी सुरू करवली आणि धापा टाकत आलेल्या पाहुण्यांना दारातच अडवलं. "पद संपू दे. मध्ये दार वाजलं की गाणारा बिचकतो." बिचारे दोन पदं बाहेर उभे होते!

रंगपटात त्या ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास घेऊन फिरायच्या. गायक नटांना आंबट वर्ज्य. एका राजाने चोरून दहीवडा खाल्ला, तर प्रवेशाआधी त्याच्या हातात रुमाल देत म्हणाल्या, "महाराज, मिशी पुसा. प्रजेला दही दिसतंय." प्रेक्षक मिळवायला विचुंब्याच्या नव्या इमारतींचे जिने चढायच्या, मी पिशवी घेऊन मागे. बेल वाजवून एकच प्रश्न: "तीन तास फोन बंद ठेवाल?" हो म्हणेल त्यालाच प्रवेशिका. मित्र गेला त्या वर्षीही महोत्सव चुकला नाही.

पुढे रिकाम्या खुर्च्या वाढल्या आणि समितीला सिनेगीतांचा वाद्यवृंद हवासा झाला. बैठक वहिनींच्याच घरी होती. त्या चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात महोत्सव बंद करायचा ठराव मांडला गेला. सगळ्यांचे हात वर झाले. मी चिटणीस, माझाही. वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "भावजी, हात खाली घ्या. कप धरायचाय."

इतिवृत्तात खरं लिहायची मला लाज वाटली. 'वहिनींच्या प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहून मोकळा झालो. वर्तमानपत्रातही तेच छापून आलं आणि लोक सफरचंदं घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागले. आता माझं बिंग फुटणार म्हणून मीही धावत गेलो. बघतो तर वहिनी शाल पांघरून बसलेल्या, दर दोन वाक्यांनी खोकताहेत, तेही तालात! लोक गेल्यावर शालीची घडी करत त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्ही खोकला लिहिलाय की दम? उगाच तुम्ही खोटे पडायला नको."

चारचौघांत त्या शेवटपर्यंत खोकत राहिल्या. नाट्यगृहाच्या रस्त्याने मात्र पुन्हा गेल्या नाहीत. त्यांच्या शोकसभेतही मीच बोललो, आणि आजारपणाचंच बोललो.

त्या समितीतला आता मी एकटा उरलोय, म्हणून हे लिहून ठेवतो. महोत्सव आम्ही बंद केला. त्या संध्याकाळी वहिनींना काहीही झालेलं नव्हतं. निदान स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत तरी.