शेजारणीचा सल्ला

बेल्ह्याहून आण्याला जाणाऱ्या जीपमध्ये भेटलेल्या त्या आजी रडणाऱ्या नातवाला बाटलीतून पावडरचे दूध पाजत होत्या आणि तो बाटली ढकलत होता. शेजारी सून मान खाली घालून बसली होती.

“हिला थायरॉईडची गोळी चालू हाय. अंगावरचं दूध पोराला बाधंल.”

“डॉक्टर तसं म्हणाले, आजी?”

“डाक्टर पाज म्हनला. शेजारीण नको म्हनली.”

“शेजारणीला थायरॉईड आहे?”

“न्हाई, तोंड हाय.”

मी औषधशास्त्र शिकलेली. गोळीचे पाकीट वाचून मी समजावले की शरीरात कमी पडणारे संप्रेरकच ही गोळी भरून काढते आणि दुधात ते नगण्य उतरते. आजींना संप्रेरक कितपत कळले, सांगता येत नाही. पण त्यांनी सुनेसमोर पदराचा आडोसा धरला. रडणे थांबले.

“पावडरचा डबा उरला की,” त्या म्हणाल्या. “शेजारणीला त्याचाच चहा पाजते.”