चार नंबर खोलीतली काचेची पट्टी

माझा बाप चक्कर येऊन मेला न्हाई.

आज वर्ष झालं. वर्षभर मी गप बसले. आज लिहून राहिले.
सातवीपर्यंतच शाळा झाली माझी, चुकलं तर समजून घ्या.

आबा गवंडी व्हते. चुन्याचं काम यायचं त्यान्ला. त्यांचे वडील सिद्धेश्वरच्या धरणावर चुना मळायला व्हते, तिथून ते घरात आलं. पन आता चुना कोनाला लागतो? आबा बी सिमेंटचीच कामं करायचे. जवळा बाजारपर्यंत सायकलवर जायचे.

मग आमच्या गावातल्या कॉलेजला फंड आला.
निजामाच्या काळातली दगडी बिल्डिंग हाय ती. तिच्या वर्गांचे स्मार्ट क्लासरूम करायचे ठरले. मोठा डिजिटल बोर्ड, प्रोजेक्टर, एसी, वर पांढरं सिलिंग. जुना चुना खरवडायला जानकार मानूस पाहिजे म्हणून ठेकेदारानं आबाला बोलावलं.

आबा लई खुश. घरी आले की तेच.
"माय, काय भिंती हायेत त्या. दोन हात रुंद. नुसता हात लावला तरी गार वाटतंय."

चार नंबरच्या खोलीत आबानं परांचीवर चढून वरच्या सागवानी तुळईला थापीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. मधी टणटण वाजली. भिंतीत शिरती तिथं आवाज बद्द.
म्हंजे टोकाला वाळवीनं आतून खाल्लेली.

मी तवा डबा घेऊन गेलते. आरू, माझी पोरगी, कडंवर व्हती. आबाचं आन ठेकेदाराचं हे माझ्यासमोरचं बोलनं हाय.

"साहेब, हिचं टोक गेलंय. आधी तुळई बदला, मग सिलिंग टाका."

"मामा, तुमाला भिंत खरवडायला बोलावलं का छत तपासायला?"

"छत खाली आल्यावर भिंत कोनासाठी खरवडू?"

कामावरचे सगळे हसले. ठेकेदार बी हसला. म्हनला, "सिलिंग मारलं की तुळई दिसनारच न्हाई. काहून टेन्शन घेऊन राहिले?"

दिसनार न्हाई.
एवढंच उत्तर व्हतं त्याच्याकडं.

त्या दिवशी आबानं माझा फुटका आरसा मागून घेतला. त्याची बोटभर रुंद पट्टी कापली. तुळईखालच्या भिंतीत केसाएवढी बारीक चीर व्हती. आबानं चिरेवर पट्टी आडवी धरली आन दोनी टोकं चुन्यानं चिकटवली.

"हे काय आबा?"
"वॉचमन हाय आपला. भिंत हलली की आधी ह्यो तडकतो. चहा बी मागत न्हाई."

पेंटरला सांगितलं, एवढी जागा सोड बाबा. त्यानं सोडली.

उद्घाटन जवळ आलं. तुळई तशीच. सिलिंगवाले सकाळी येनार व्हते. आबा त्यांच्या आधी गेले आन परांचीवर चढले, तुळईला खालून टेकू द्यायला. कोनीच सांगितलं नव्हतं त्यान्ला.
कुजका तुकडा निखळला. आबा त्याच्यासकट खाली, फरशीवर.

हिंगोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं व्हतं.

ठेकेदार सगळ्यान्ला सांगू लागला, मामाचं वय झालं व्हतं, सकाळी उपाशीच आले, चक्कर आली.
मी स्वतः पिठलं-भाकर खाऊ घालून पाठवलं व्हतं. दुसरी भाकर अर्धी उरली म्हणून आरूला भरवली त्यांनी.

मग काय केलं? तुळईला लोखंडाची पट्टी आवळली आन वर सिलिंग मारलं. रिबन कापली. हार, शाली, भाषणं. आबाचं नाव एकानं काढलं न्हाई. त्या दिवशीचे फोटो पाहा. वर कसं पांढरंशुभ्र दिसतंय.

तेराव्यानंतर कॉलेजच्या मोठ्या सरांनी, प्रिन्सिपलनी, बोलावलं. "झाडायपुसायला येत जा. पन झालं ते झालं, आता तो विषय नको."
नवरा पुण्याला कंपनीत. घरी मी आन लेकरू.
मी व्हय म्हनले.
कामासाठी मी बी ती चक्कर मान्य केली. हे बी लिहिते, लपवत न्हाई.

वर्षभर रोज चार नंबर उघडलं की आधी पट्टी पाहायची, मग झाडू. आरूला बाहेर पायरीवर बसवते. ती आत पळती. "आई, आत किती गार हाय." मी दंडाला धरून बाहेर काढते. मारलं बी हाय एक-दोनदा. तिला कळत न्हाई आई काहून मारती.

आज सकाळी पट्टी तडकलेली हाय.
मधोमध. फोटो टाकलाय, पाहा.

सरांकडं गेले.
"पोचा लागला असेल तुझा."
"सर, पोचा खाली असतो. पट्टी माझ्या डोक्याच्या वर हाय."
"दुपारी पेपर आहे त्या खोलीत. उद्या बघू. आणि बाहेर बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस."

मला भीती वाटून राहिली. काम जाईल. हे वाचून सर चिडतील. ठेकेदार घरापर्यंत येईल. आरूला घेऊन कुठं जाऊ, माहीत न्हाई.

पन पेपरला येनारी बी कोनाची तरी लेकरं हायेत.

ज्यांचं पोरगं, पोरगी आज दोनच्या पेपरला हाय, त्यान्ला आत्ता फोन करा. चार नंबरमधी बसू नको म्हना. दुसऱ्या खोलीत बसवा म्हना.

मी दाराला कुलूप लावलंय. चावी माझ्याजवळ हाय. पायरीवर बसले, आरू मांडीवर हाय. दोनदा शिपाई येऊन गेला चावी मागायला. आता सर येऊन राहिले.
मी देनार न्हाई.

आबा, आज हार आनला न्हाई मी.
तुमची खोली बंद केली हाय. हीच माझी श्रद्धांजली.